सातेरीच्या पेटीतले मेण: बांधून कसे घ्यावे, केव्हा काढावे, कसे वितळवावे

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या कोल्हापूरच्या घाटाकडच्या तालुक्यांत सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवणारा माणूस मधाचा हिशेब तोंडपाठ सांगतो. मेणाचे विचारले की मात्र तो बहुधा गप्प बसतो. मध काढताना कापलेली झाकणे, मोडलेले तुकडे आणि काळी पडलेली पोळी बांधावर फेकली जातात आणि पुढच्या हंगामात माश्यांनी तेच पोळे पुन्हा पहिल्यापासून बांधावे अशी अपेक्षा ठेवली जाते. पहिली तीन वर्षे मीही हेच करत होतो. पाटगावच्या बाजूचे एक वयस्क मधपाळ माझ्या पेट्या बघायला आले होते. त्यांनी माझ्या पायाजवळचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "मेण टाकतासा व्हय? मध टाकल्यागत हाय ते."

त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा मधमाशीपालनातला रूढ अंदाज आहे. फुलोरा कमी असेल आणि हवा थंड असेल तर हा खर्च आणखी वाढतो. त्यामुळे माश्यांकडून पोळे कमी श्रमात आणि सरळ बांधून घेणे, ते योग्य वेळी काढणे आणि काढलेले मेण वाया न घालवता पुन्हा पेटीत परत देणे, ही तीन कामे मधाइतकीच काळजीने करावी लागतात.

तळपाट वाचायला शिकावे

मेण माश्या बाहेरून आणत नाहीत. ते कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला असलेल्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून पाझरते आणि हवा लागताच त्याचे पातळ पापुद्रे होतात. या ग्रंथी साधारण बारा ते अठरा दिवसांच्या माशीत भरात असतात, म्हणजे पिल्लांना भरवण्याचे काम संपत आलेले असते आणि फुलांवर जाणे अजून सुरू झालेले नसते, त्या वयात. माश्या परागापासून मेण करतात असा समज अठराव्या शतकापर्यंत युरोपात प्रचलित होता. दृष्टी गमावलेले स्विस अभ्यासक फ्रान्स्वा ह्यूबर यांनी आपल्या मदतनिसाच्या डोळ्यांनी प्रयोग करून तो खोडून काढला: कोंडलेल्या माश्यांना केवळ मध किंवा साखर दिली तरी त्या पोळे बांधत, आणि केवळ पराग दिला तर बांधत नसत. मधपाळाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. पेटीत गोड खाद्य भरपूर येत असेल आणि तरुण माश्या पुरेशा असतील तेव्हाच पोळे बांधले जाते. यांपैकी एक गोष्ट नसेल तर कितीही रिकाम्या चौकटी दिल्या तरी त्या रिकाम्याच राहतात.

माश्या बांधायला तयार आहेत की नाहीत हे ओळखण्यासाठी पेटी उघडण्याची घाई करू नये. आधी तळपाट, म्हणजे पेटीच्या तळाची फळी, ओढून उन्हात धरावा. त्यावर अभ्रकाच्या कणांसारखे पांढरे, पारदर्शक, नखाने उचलले तर वाकणारे पापुद्रे दिसले, तर बांधकाम सुरू आहे किंवा होऊ घातले आहे असे समजावे. हे माश्यांच्या हातून निसटलेले मेण असते. एकेक पापुद्रा जेमतेम एक मिलिग्रॅमचा असतो, त्यामुळे एका किलोमागे दहा लाखांच्या आसपास पापुद्रे लागतात. तळपाटावर पापुद्र्यांऐवजी तपकिरी, कोरडा, भुशासारखा चुरा पडलेला असेल, तर माश्या जुने पोळे कुरतडून काढत आहेत असे समजावे. सातेरीला ही खोडच आहे. तिला जुने काळे पोळे आवडत नाही आणि ते ती स्वतःच मोडू लागते. आणि चुऱ्यात खसखशीपेक्षा लहान, काळे, लांबट दाणे असतील आणि त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चिकटलेले असतील, तर पेटीत मेणकिडा, म्हणजे पोळे खाणारी पतंगाची अळी, शिरलेला आहे. या तीन प्रकारच्या केराची नजरेला सवय झाली की पेटी दर आठवड्याला उघडून वसाहतीला त्रास देण्याची गरज उरत नाही.

वरच्या बाजूने एक खूण आणखी मिळते. फुलोरा सुरू झाला की चौकटीच्या वरच्या पट्टीलगत, जुन्या तपकिरी पोळ्याच्या कडेला, चुन्याचा हात फिरवल्यासारखी पांढरी किनार दिसते. आमच्या भागात जांभळाचा फुलोरा आला की ही किनार दिसते आणि पुढे हिरड्याला आणखी ठळक होते. नवीन चौकट द्यायची ती याच वेळी.

घरे, झाकणे आणि त्यांचे अर्थ

पेटीतले मेण सगळीकडे एकाच कामाचे नसते. षटकोनी घरांच्या भिंती अतिशय पातळ, सुमारे ०.०७ मिमी जाडीच्या असतात, तरीही युरोपीय माशीच्या पोळ्यावर केलेल्या मोजमापानुसार सुमारे चाळीस ग्रॅम मेणाचे पोळे दोन किलोच्या आसपास मध पेलते. प्रत्येक घर तोंडाकडे किंचित वर उचललेले असते, म्हणून पातळ मकरंद बाहेर ओघळत नाही. एका बाजूच्या घराचा तळ दुसऱ्या बाजूच्या तीन घरांच्या तळांवर टेकलेला असतो, त्यामुळे मधला पडदा दोन्ही बाजूंना सामाईक राहतो आणि मेण वाचते.

झाकणे मात्र निरखून बघावीत. मधावरचे झाकण निव्वळ मेणाचे, फिकट आणि हवाबंद असते; चौकटीचा बहुतांश भाग असा झाकला गेल्याशिवाय मध काढू नये, कारण उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. पिलाव्यावरचे, म्हणजे वाढणाऱ्या पिल्लांच्या घरांवरचे, झाकण तपकिरी आणि कोरडे दिसते, कारण त्यात मेणाबरोबर जुन्या पोळ्याचे तंतू मिसळलेले असतात आणि त्यातून पिल्लाला हवा मिळते. सातेरीच्या नरपिलाव्याचे झाकण तर एकदा पाहिले की विसरत नाही: ते शंकूसारखे उंच असते आणि त्याच्या टोकावर सुईने टोचल्यासारखे एक बारीक भोक असते. अनेक नवशिके हे भोक पाहून रोग आला म्हणून घाबरतात. तसे काही नसते. राणीचे घर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखे खाली लोंबते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी घरे ओळीने दिसू लागली तर वसाहत फुटण्याच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या होऊन निघून जाण्याच्या, तयारीत आहे. अशा वेळी नवी चौकट देऊन पोळे बांधून मिळेल ही आशा सोडावी आणि वसाहत विभागण्याची तयारी करावी.

एक गोष्ट सातेरीबाबत वेगळी सांगायला हवी. युरोपीय माशी झाडांचा डिंक आणून पेटीच्या फटी बुजवते. सातेरी डिंक गोळा करत नाही. त्यामुळे पेटीच्या फटी आपणच बुजवाव्या लागतात, नाहीतर मेणकिड्याच्या पतंगाला दार उघडे मिळते. मी फटींत मेण आणि थोडे खोबरेल यांचा मऊ गोळा दाबतो.

पोळे सरळ बांधून घेणे

पोळे गुरुत्वाच्या रेषेत खाली उतरते. बांधकाम चालू असताना माश्या एकमेकींच्या पायांना पाय अडकवून साखळ्या करून लोंबतात, आणि त्या गर्दीच्या आत तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते, म्हणजे मेण जबड्याने मळता येईल इतके मऊ राहते. पेटी एका बाजूला कललेली असेल, तर पोळे चौकटीला सोडून ओळंब्यात उतरते आणि खालच्या टोकाला शेजारच्या चौकटीला चिकटते. म्हणून पेटी मांडताना गवंड्याकडची पाणसळ घेऊन डावी-उजवी बाजू समपातळीत आणावी. पुढची बाजू किंचित खाली राहिली तर चालते, पावसाचे पाणी बाहेर निघून जाते. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असे तापते की नव्या पांढऱ्या पोळ्यात मध भरलेला असेल तर ते स्वतःच्या वजनाने सुटून पडते. म्हणून पेटीला दुपारची सावली हवीच.

दोन चौकटींमधले अंतरही माश्याच ठरवतात, आपण फक्त ते पाळायचे. सातेरीच्या एका पोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या पोळ्याच्या मध्यापर्यंत ३० ते ३२ मिमी अंतर असते, आणि माश्यांना ये-जा करण्यासाठी सात-आठ मिमीची वाट लागते. याहून जास्त जागा सोडली की माश्या तिथे आडवे पोळे घालतात, आणि कमी सोडली की ती बुजवतात. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हे अंतर नेमके ओळखले, म्हणून आज चौकट पोळे न मोडता बाहेर काढता येते.

मेणपत्रा, म्हणजे घरांचे षटकोनी ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा, वापरायचा असेल तर तो सातेरीच्याच मापाचा घ्यावा. १८५७ मध्ये जर्मनीतील योहानेस मेहरिंग यांनी पहिला मेणपत्रा तयार केला तो तिकडच्या माशीसाठी, आणि आजही बाजारात त्याच मापाचे पत्रे जास्त मिळतात. युरोपीय माशीचे कामकरी घर सुमारे ५.३ मिमी रुंद असते. सातेरीचे प्रदेशानुसार साधारण ४.२ ते ४.९ मिमी. हा फरक कागदावर नगण्य वाटतो. मी एका वर्षी न मोजता दहा पत्रे आणले आणि चार पेट्यांत लावले. माश्यांनी काही पत्र्यांवर आपल्या मनाने वेडीवाकडी घरे काढली, काही ठिकाणी मोठ्या ठशांवर नरांचीच घरे घातली, आणि दोन पत्रे तर कडेने कुरतडून ते मेण दुसरीकडे नेऊन वापरले. त्या हंगामात मला मध मिळाला नाही, नर मात्र भरपूर मिळाले. तेव्हापासून मी पत्रा घेताना दुकानातच पट्टी लावून सलग दहा घरांची रुंदी मोजतो. ती पाच सेंटिमीटरच्या वर गेली तर पत्रा परत करतो.

दुसरी तपासणी भेसळीची. पॅराफिन मिसळलेला पत्रा उन्हाळ्यात ताणला जातो, खाली ओघळतो आणि त्यावरची घरे लांबट होतात. शुद्ध मेणाचा तुकडा बोटांत मळला तर हळूहळू मऊ होतो आणि बोटाला तेलकटपणा सोडत नाही; तोडला तर तुटलेली कड दाणेदार दिसते; त्याला मधाचा व परागाचा वास येतो. ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नव्हे, पण उघड भेसळ तिच्यात सापडते.

लावताना पत्रा वरच्या पट्टीच्या खाचेत बसवावा आणि वितळलेल्या मेणाचा एक ओघळ चमच्याने खाचेतून फिरवावा. षटकोनाचे टोक वर यायला हवे, सपाट बाजू नव्हे. पत्रा आडवा फिरवून लावला तर ही चूक होते. पत्रा चौकटीच्या बाजूंना आणि तळाला घट्ट टेकवू नये, कारण पेटीच्या उबेत तो थोडा पसरतो आणि जागा नसली तर मध्येच फुगतो. पूर्ण पत्रा परवडत नसेल तर दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी वरच्या पट्टीला चिकटवली तरी माश्या तिच्या रेषेत खाली बांधत जातात. मी आता बहुतेक चौकटींत पट्टीच लावतो. पूर्ण पत्र्यावर काम लवकर होते हे खरे, पण पट्टीवर माश्या आपल्याच मापाची घरे घालतात.

नवी चौकट पिलाव्याच्या लगत, म्हणजे शेवटच्या पिलाव्याच्या आणि मधाच्या पोळ्याच्या मध्ये द्यावी. पिलाव्याच्या अगदी मध्यभागी देण्याचा मोह टाळावा. थंडीत पिलावा दोन भागांत तुटतो आणि गारठतो. फुलोरा अपुरा असेल तर समान वजनाच्या साखरेचा आणि पाण्याचा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत द्यावा. दिवसा दिला तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात. कोल्हापूरकराला इथे गुळाचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण गुऱ्हाळ चालू असते आणि माश्या तिथे काहिलीभोवती घोंगावतानाही दिसतात; तरीही पेटीत गूळ देऊ नये. त्याने माश्यांचे पोट बिघडते, आणि गुऱ्हाळावर गेलेल्या माश्या पुष्कळदा रसातच बुडून मरतात.

जुने पोळे केव्हा काढावे

एका घरातून पिल्लांच्या पिढ्यांवर पिढ्या बाहेर पडतात आणि प्रत्येक पिल्लू आपल्या कोशाचे पातळ अस्तर आत सोडून जाते. त्यामुळे पांढरे पोळे आधी पिवळे, मग तपकिरी आणि शेवटी काळे होते, घर आतून अरुंद होते, आणि मेणाचे पोळे हळूहळू अस्तरांचे पोळे बनते. चौकट सूर्याकडे धरून मागे बोट ठेवावे. बोटाची सावली दिसत नसेल तर ते पोळे काढायच्या यादीत टाकावे. आठ चौकटींच्या पेटीत दरवर्षी दोन-तीन पोळी बदलावीत. जुने पोळे थेट कापू नये. ते आधी कडेला सरकवावे, राणीने त्यात अंडी घालणे थांबवले आणि असलेला पिलावा बाहेर पडला की मगच काढावे.

आमच्या भागात हे काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत उरकलेले असावे. जूनपासून घाटावर पाऊस लागला की फुले मिळत नाहीत, वसाहत आकसते, आणि जी पोळी माश्यांना झाकता येत नाहीत ती मेणकिड्याच्या तोंडी जातात. या किड्याची अळी निव्वळ मेणावर जगू शकत नाही. तिला कोशांची अस्तरे आणि परागाचे अवशेष लागतात, म्हणून ती पांढरे पोळे सोडून काळ्यात शिरते. पावसाळ्यात सातेरीची जी वसाहत एका सकाळी पेटी सोडून गेलेली दिसते, तिच्या मागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून माश्या जेवढी पोळी पूर्ण झाकतात तेवढीच पेटीत ठेवावीत, बाकीची काढावीत, आणि तळपाट दर आठवड्याला खरवडून तो केर पेटीजवळ न टाकता जाळावा किंवा पुरावा.

चांगली पांढरी पोळी ऑक्टोबरसाठी राखायची असतील, तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. त्याने अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. नंतर पिशवी न उघडता कोरड्या जागी ठेवावी. माळ्यावर उघडी ठेवलेली सोळा पोळी मी एका पावसाळ्यात गमावली आहेत. ऑगस्टमध्ये खाली उतरवली तेव्हा चौकटीत फक्त पांढरे जाळे आणि लाकडात अळ्यांनी कोरलेले खड्डे होते.

रोगाने मेलेल्या वसाहतीचे पोळे दुसऱ्या पेटीत कधीही देऊ नये. १९९० च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या संख्येने नष्ट केल्या होत्या. असे पोळे वितळवावे आणि चौकटी जाळाव्यात.

मेण वितळवून वडी पाडणे

झाकणांचे मेण आणि काळ्या पोळ्यांचे मेण वेगळे ठेवावे. झाकणे पाण्याने धुवून मध काढून घेतला की त्यांतून फिकट पिवळे, उत्तम मेण मिळते, आणि त्यासाठी चूलही लागत नाही. काळा रंग दिलेल्या लाकडी खोक्यावर काच बसवून ते एप्रिलच्या उन्हाकडे कलते ठेवले, तर आतल्या जाळीवरचे मेण वितळून खालच्या भांड्यात जमते. काळ्या पोळ्यांना मात्र ही पद्धत पुरत नाही, कारण अस्तरे मेण शोषून धरतात. त्यांचे तुकडे करून एक दिवस पाण्यात भिजत घालावेत. अस्तरांनी आधी पाणी पिऊन घेतले की त्यांत मेण कमी मुरते. पाणी शक्यतो पावसाचे साठवलेले वापरावे. कूपनलिकेच्या जड पाण्यात मेणाचा काही भाग फेसासारखा होऊन बसतो आणि वडी भुसभुशीत होते.

भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत मेण काळपट होते आणि तांब्याच्या भांड्यात हिरवट. भिजलेले तुकडे गोणपाटाच्या पिशवीत भरून तोंड बांधावे, पिशवी भांड्यात ठेवून वर स्वच्छ दगड ठेवावा आणि ती पूर्ण बुडेल इतके पाणी घालावे. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते, म्हणून पाणी खळखळ उकळू न देता मंद आचेवर ठेवावे. अधूनमधून लाकडी दांड्याने पिशवी दाबत राहावे. सोनेरी तवंग वर येऊ लागतो. तासाभराने आच बंद करून दगड तसाच ठेवावा, भांड्यावर झाकण घालावे आणि वर घोंगडी गुंडाळावी. जितके सावकाश निवेल तितका गाळ नीट खाली बसतो आणि वडीला तडे जात नाहीत. सकाळी पाण्यावर मेणाची चकती तरंगत असते. तिच्या खालच्या बाजूला चिकटलेला राखाडी थर चाकूने खरवडून टाकावा. हाच गाळ पुढे मेणकिड्याला बोलावतो.

दुसऱ्यांदा वितळवताना चकती एका लहान भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्यात ठेवावे. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नये. जास्त तापले की ते करपते, त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर भडका उडतो. अशा वेळी झाकण घालून हवा तोडावी. वितळलेले मेण जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळून, आतून साबणाचे पाणी फिरवलेल्या वाटीत ओतावे. हे सारे काम दिवस मावळल्यावर आणि दारे-खिडक्या लावून करावे. मी एकदा भर दुपारी अंगणात चूल मांडली, आणि अर्ध्या तासात माझ्याच पेट्यांतल्या शेकडो माश्या भांड्यावर आल्या, त्यांतल्या कितीतरी मेणात पडल्या. भांडी धुतलेले गरम पाणी मोरीत ओतू नये. नळीत मेण गोठते आणि ते काढणे फार कठीण जाते.

सातेरीच्या दहा-बारा जुन्या पोळ्यांतून मला दीड-दोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध मेण मिळते. हा आकडा निराश करणारा वाटेल, पण पट्ट्या लावण्यासाठी एवढे मेण पुढच्या हंगामाला पुरून उरते. पट्टी घरी करायची असेल तर एक गुळगुळीत लाकडी फळी पाण्यात चांगली भिजवावी, ती वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून बाहेर काढावी आणि लगेच थंड पाण्यात धरावी. असे दोन-तीन वेळा केले की मेणाचा पातळ पापुद्रा फळीवरून अखंड सुटतो, आणि तो सुरीने दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापता येतो.

उरलेली वडी कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवावी. काही महिन्यांनी तिच्यावर पांढुरकी भुकटी आली तर ती बुरशी समजून फेकू नये. ती मेणातूनच वर येते आणि मऊ कापडाने पुसली किंवा वडी किंचित उबवली की नाहीशी होते.